एकोणचाळिसावा

पन्नास भविष्यं चालवतो आम्ही रोज रात्री
लीड्समधल्या एका तळघरात,
जिथे यंत्रांना गार ठेवायला
ऐन जानेवारीतही पंखे घोंघावतात.
सुरुवात सगळ्यांची एकच, जवळजवळ.
अटलांटिकवर कुठेतरी पाव अंश कमी,
वाऱ्याला चिमूटभर वेग जास्त,
एवढाच काय तो फरक.
पाचव्या दिवशी कुणी कुणाला ओळख देत नाही.

हा विषय घेतला तेव्हा मामा हसला होता,
"वाऱ्याची मोट बांधायला निघालीस!"
मामा मिरजेला तंबोरे करायचा.

त्या आठवड्यात नऊ किलोमीटर वरचा प्रवाह,
एरवी पश्चिमेकडून सरळ धावणारा,
वाकला, वळसा घालून
नॉर्वेच्या डोक्यावर बसला
रुसलेल्या जावयासारखा. उठेना.
त्याच्या मागे अडलेला पाऊस
एकोणपन्नास भविष्यांमध्ये दरी ओलांडून गेला.
एकोणचाळिसाव्यात गेला नाही.
एकोणचाळिसाव्यात तो हेदरक्लफवर उभा राहिला,
अकरा तास.

मी सरासरी काढली.
सरासरी काढण्याचाच पगार घेते मी.
सरासरीतला पाऊस एका छत्रीत मावत होता.

*

हेदरक्लफमध्ये डोरीन हॅलस शिलाई मशिनं दुरुस्त करते.
करत होती. आता ती फुटपाथवर मांडलीयेत,
ओळीने एकवीस, पोटात चिखल घेऊन.
मी नाव सांगितलं, विद्यापीठ सांगितलं.
"म्हणजे तुला माहीत होतं?"
दोन टक्के माहीत होतं, मी म्हटलं.
तिने स्क्रूड्रायव्हर पुसला.
"दोन टक्के म्हणजे माझी कितवी पायरी?"

मला हे कुणी परीक्षेत विचारलं नव्हतं.

मग ती आत गेली आणि वीजबिल घेऊन आली.
मागच्या बाजूला पेन्सिलने, अक्षर वळणदार,
रात्रभर जिन्याच्या टोकाशी बसून लिहिलेलं:
तिसरी, एक पन्नास.
पाचवी, दोन वीस.
सातवी, दोन पंचावन्न. वीज गेली.
आठवी, तीन दहा. टॉर्च मंद.
नववी, तीन चाळीस. थांबलंय वाटतं.
पुढे काही नाही, फक्त कपाच्या बुडाचा गोल डाग.

नदीवरचं आमचं मोजयंत्र
एक चाळीसलाच वाहून गेलं होतं.
त्यानंतरची सगळी रात्र
या बिलापलीकडे कुठेच नोंदलेली नव्हती.

मी गुडघे टेकून पायऱ्या मोजल्या.
प्रत्येकीची उंची साडेसात इंच, चौथीची आठ.
"चौथी माझ्या नवऱ्याने बसवली," डोरीन म्हणाली,
"त्याला माप कधी जमलं नाही."
मी वहीत लिहिलं: चौथी, आठ इंच, नवरा.
हे निबंधात कसं घालायचं, ठाऊक नाही.

निघताना तिने विचारलं,
"आणि तो एकोणचाळिसावा? आता काय म्हणतोय?"
तो नाही आता, मी सांगितलं.
दर रात्री जुने पुसतो, नवे पन्नास करतो.
क्रमांक तेवढा तोच राहतो.
"बरोबर," ती म्हणाली,
"खरं बोलणाऱ्याचं असंच होतं,"
आणि एका मशिनचं चाक हाताने फिरवून बघू लागली.
करकर आवाज. मग थोडा कमी.

ट्रेनमध्ये मामाची आठवण येत राहिली.
भोपळ्यांच्या ढिगात मांडी घालून बसायचा तो,
एकेक उचलून कानाशी न्यायचा,
बोटाच्या पेराने ठोकायचा.
पन्नासांतला एखादा बाजूला ठेवायचा,
विचारलं तर म्हणायचा, "हा बोलतोय."
भोपळ्यांची सरासरी त्याने कधी काढली नाही.

रात्री अकराला तळघरात नवे नकाशे आले.
गुरुवारसाठी अंदाज: ढगाळ, तुरळक सरी.
मी सगळे छापून घेतले.
जमिनीवर पसरले, खुर्च्या सरकवून,
चपला काढल्या,
आणि पहिल्यापासून एकेकावर
पेराने ठोकत निघाले.