सातवं पिंप

आमच्याकडे डोंगरच पाटीचा.
शाळेत ज्यावर मुळाक्षरं गिरवतात तोच दगड,
फुटून फुटून उतारभर पसरलेला,
पायाखाली खुळखुळणारा.
दिवसभर ऊन पितो, रात्री वेलींना परत करतो
मोजूनमापून, माझ्या बाबांसारखा.
खाली मोझेल. ती कधी सरळ वागली नाही.

बाबा, म्हणजे फोल्कमार, आकड्यांत बोलायचे.
प्रत्येक पिंपाच्या कानाला एक छोटी पाटी टांगलेली,
तिच्यावर खडूनं तारीख, तापमान, उरलेली साखर.
आईच्या वाढदिवसाची नोंद त्यांनी एकदा अशीच केली होती:
बावन्न. ठीक.

त्या वर्षी सेंट मार्टिनचं बदक भाजायच्या आदल्या दिवशी
त्यांना ट्रीअरच्या इस्पितळात हलवलं.
आई तिकडे, मी तिकडे.
तळघरातली शेगडी कुणी पेटवली नाही.
सहा पिंपं केव्हाच उरकून बसली होती,
सातवं तेवढं बुडबुडत होतं.
थंडीनं त्याची बोबडी वळली.

परतलो ते काळ्या कपड्यांत.
एंगेलबर्टकाकांनी पिंपाला कान लावला, डॉक्टरसारखा.
"झोपलंय. ऊब दिली तर उठेल.
नाहीतर ही अशीच राहणार,
धड ना गोड, धड ना कोरडी. कोण घेईल?"
आई म्हणाली, "थांबलं ते थांबलं."

पाटीवर बाबांच्या हातचा शेवटचा आकडा, बावीस.
मी मोजली तर साखर एकोणीस भरली.
म्हणजे ते गेल्यावरही
तीन ग्रॅम काम चालू होतं अंधारात.

अशा रीसलिंगला इकडे फाइनहेर्ब म्हणतात.
गोडवा नेमका किती, ते कायदाही सांगत नाही.
मार्चात बाटल्या भरल्या, आणि प्रश्न उभा राहिला:
तोंडी लावायला काय?

लिव्हरचं सॉसेज आणलं.
दोघं एकमेकांकडे पाठ करून बसले.
कांद्याचा केक, वर खारवलेल्या डुकराचे तुकडे:
बरं. शेजाऱ्यांत असतं तेवढं बरं.
धुरावलेला ट्राउट, त्यावर किसलेला झणझणीत मुळा:
इथं तिनं पहिल्यांदा मान वर केली.
मग काकांचं निळ्या बुरशीचं चीज. काका म्हणाले, उत्तम.
पण चौथ्या पेल्यानंतर काकांना सगळंच उत्तम लागतं.

रविवारी पुलापलीकडची लिएन आली.
लहानपणी बोटीतून समुद्र ओलांडून आलेली,
दर ऑक्टोबरात तोडणीला आमच्या पुढं असते दोन वेली.
मातीच्या भांड्यात मासा, साखर जाळून केलेल्या काळ्या रश्श्यात,
मिरी, आलं, आणि बारक्या लाल मिरच्या अख्ख्या.
आम्ही तिघंही खोकलो. काकांच्या नाकाचा नळ झाला.
मग घोट घेतला.

तो उरलेला गोडवा, ज्याला आम्ही चूक म्हणत होतो,
त्यानं मिरचीचं बोट धरलं
आणि तिला जिभेवरून हळूच खाली उतरवलं.
मागोमाग आंबटपणा, आत्ता कापलेल्या लिंबाचा.
अगदी शेवटी दगड,
थुंकी लावून पुसलेल्या पाटीची चव,
जी पहिलीत सगळ्यांनीच चाखलेली असते, कबूल करत नाहीत एवढंच.

लिएन म्हणाली, "हं."
आणि भाताचं भांडं आईपुढं सरकवलं.
आई काही बोलली नाही.
तिनं दुसऱ्यांदा वाढून घेतलं, चार महिन्यांत पहिल्यांदा.

पुढच्या वर्षी मी मुद्दाम शेगडी विझवली.
सातव्या पिंपानं ऐकलं नाही,
कणकण साखर खाऊन मोकळं झालं.
गाळ उपसायला खाली वाकले तेव्हा
पाटी दिसली. बाबांचा बावीस तसाच,
आणि त्याच्याखाली आईचं तिरकं अक्षर:

माशाबरोबर चालते.
मिरचीबरोबर धावते.

तारीख घालायला विसरली आहे.