टोपी

दोनशे चाळीस झाडली, दोनशे चाळीस मोज.
एक कमी भरली तर पगारातून, म्हणायचा लुकमान तडवी.
रिव्हॉल्वर पितळ फेकत नाही,
झाडणारा ते तळहातावर ओततो, कोमट,
म्हणजे हरवायला तशी जागाच नाही.
तरी एकदा एक कमी आलं.
लळिंगच्या उतारावर, बाभळीच्या काट्यांत
टॉर्च घेऊन मी रात्री साडेअकरापर्यंत,
आणि ते निघालं नव्या शिपायाच्या खिशात.
पोराला शिट्टी करून देणार होता.

सरावाची काडतुसं तेव्हा आम्हीच पुन्हा भरायचो,
धुळ्याला, हेडक्वार्टरच्या मागच्या खोलीत, पत्र्याखाली.
जुनी टोपी ठोकून काढायची,
तिच्या घरातली काजळी काडीने खरवडायची,
मग चिंचेचं पाणी, मग सावलीत फडकं.
उन्हात नको रे भो, डाग धरतं.
वाळलं की मूठभर घेऊन कानाशी हलवायचा,
डोळे मिटून.
चांगलं पितळ किणकिणतं.
ज्याच्या ओठाला केसभर चीर
ते बद्द बोलतं, यावलच्या बाजारात फुटकं मडकं बोलतं तसं.
ते तो बाजूला टाकायचा.
मी भिंग लावून बघायचो. चीर असायचीच.

टोप्यांचे डबे दोन.
दिसायला जुळ्या, मसुराच्या दाण्याएवढ्या.
एकीला नुसती टिचकी पुरते,
दुसरीला घोडा पुऱ्या वजनानं पडावा लागतो.
डब्यांवर खडूची खूण, आणि खडू घामानं पुसायचा.

गिरासेसाहेब दोंडाईच्याचे.
चाप जड आहे, तडवी, बोट भरून येतं.
तडवीनं कमान घासली, दोन वेळा,
चाप लोण्यासारखा झाला.
साहेब खूश.

पुढच्या महिन्यात मिरचीच्या गोदामामागे, अंधारात,
एक माणूस धावत आला, हातात काहीतरी चमकलं.
टक.
टक.
टक.
तो गोदामाचा राखणदार निघाला, सतरा वर्षांचा,
हातात कंदिलाची काच. वाऱ्यानं विझला होता,
काडेपेटी मागायला आला होता.

सकाळी साहेबांनी तीन काडतुसं टेबलावर उभी केली.
तीन टोप्यांवर तीन खळगे,
तीळही बसणार नाही इतके उथळ.
तडवीनं भिंग फिरवलं, बराच वेळ.
मग रजिस्टरात कारणाच्या रकान्यात लिहिलं:
टोप्या कडक. हत्यार ठीक.
ती कमान कोणी घासली
ते खोलीत तिघांनाही माहीत होतं.
बाहेर सत्तेचाळीस डिग्री,
पांझरेत थेंब नाही.

मूळच्या ताकदीची नवी कमान बसवली, साहेबांना दिली.
त्यांनी रिकामा चाप ओढून बघितला.
म्हणाले, जड झाला.
म्हणाले, आता चुकणार नाही ना?
दारापर्यंत गेले, परत आले.
टोपीची पट्टी हनुवटीखाली होती, ती सैल केली.
तडवी, चुकायला हवी का रे?

लुकमान तडवीनं उत्तर दिलं नाही.
कालच्या रेंजचं पितळ उरलं होतं,
त्यानं गोणपाट उचलून
चिंचेच्या पाण्यात ओतलं.
मी मोजत होतो. मध्येच आकडा चुकला,
पुन्हा एकपासून.