अठरा खुंट्या

चर्च अ‍ॅव्हेन्यूच्या शाळेत, तळघरातल्या वर्गात
ऑगस्ट सरताना मी खुंट्यांवर नावं चिकटवते.
शाहनोझा. तहमीद. ओसवाल्दो. गेर्लीन.
सतरा झाली.
अठरावी खुंटी रिकामी.

मार्चमध्ये एक आई आली होती बघायला,
हातात बारा शाळांची यादी, पसंतीच्या क्रमाने.
आमची नववी.
"मुलं कशी आहेत इथे? म्हणजे... मिश्र?"
भेळेत काय काय घालता विचारावं, तसं.
म्हटलं, आहेत. नाकं मात्र सगळ्यांची सारखीच वाहतात.
ती हसली नाही. काहीतरी लिहून घेतलं.

दोन गल्ल्या सोडून नवी शाळा आहे.
खिडक्या मोठ्या, प्रतीक्षायादी त्याहून मोठी,
आणि सगळे कोट एकाच दुकानातले.

भेदभाव आमच्याकडेही आहे, नाही कसा?
नाड्या बांधता येणारे या बाकावर,
वेल्क्रोवाले त्या.
मागच्या वर्षी यारोस्लावने पक्ष बदलला,
तीन दिवस कुणी बोललं नाही त्याच्याशी.

आत्ता ऑफिसातून फोन आला,
सोडतीत अठरावं नाव लागलं.
आडनाव ओळखीचं. तीच.

लेबल लिहिताना एक अक्षर चुकतं,
दुसरा कागद घेते.

तिच्या पोराला नाड्या येतात का,
तेवढं विचारायचं राहिलं.