वार

मीटर येऊन जमाना झाला,
तरी मल्लेशम गुर्रमच्या तोंडात वारच.
म्हणून कॉलेजात हा परका खेळ आला,
कागदावर शंभर यार्ड लिहिलेले,
तेव्हा क्रीडाशिक्षक गोंधळले, अप्पा नाही.
'यार्ड म्हंजे वारच की वो सर. त्यात काय.'

पहाटे पाच. ऊन पेटायच्या आत
दोन खिळे, मागावरचं उरलेलं सूत, बादलीत फक्की.
ओकटी, रेंडू, मूडू, नालुगु, ऐदु,
दर पाच वारांना एक आडवी रेघ.
मैदानभर बाणा भरत चाललेत अप्पा,
धोट्याचा खडखडाट तेवढा नाही.

मी मागून डबा घेऊन.
एवढ्या रेघा कशाला गं?
चार डावांत दहा वार जायचं, अप्पा.
गेलो तर पुन्हा चार डाव. नाही तर चेंडू त्यांचा.
'म्हंजे पीस रेटच की.'

दहा, वीस, तीस, चाळीस, पन्नास.
आणि पुन्हा चाळीस.
'हितनं उतार का?'
उतार नाही, तिथून पुढं दुसऱ्यांचं अंगण.
पन्नासच्या रेघेवर ते जरा थांबले,
त्रेपन्न वर्षांचे, पोटरीपर्यंत पांढरे.

कडेची रेघ बाहेरची,
पाय पडला की बाद.
गोलची रेघ आतली,
चेंडू नुसता टेकला तरी पोचलो.
अप्पांनी हात झटकले.
'फक्की तर एकाच बादलीतली.'

कारखाना बंद झाला तेव्हा
माग भंगारात गेले,
किलोवर. वारावर नाही.
हे ते कधी बोलत नाहीत, आई बोलते,
साखर पेठेतल्या उंबऱ्यात विड्या वळता वळता.

मग मधल्या बारीक खुणा राहिल्या,
वारावारावर एक, दोन रांगा.
यांचं काय काम?
म्हटलं, कुणी पार कडेला जाऊन पडलं
तरी पुढचा डाव कडेवरनं नाही मांडत.
चेंडू उचलून इथपर्यंत आत आणतात.
'कोण आणतं?'
पंच.
'रोज?'
दर वेळी, अप्पा.

त्यांनी यंत्र बाजूला ठेवलं.
गुडघ्यावर बसले,
आई दारात मुग्गू घालते तशी
चिमटीनं एकेक खूण ओढत गेले.
ऊन चढलं. डबा तसाच राहिला.

सामना आम्ही हरलो, मोठ्या फरकानं.
मी तीनदा कडेला पडले.
तीनदा चेंडू आत आला.