गुडघ्याखाली

वागळे इस्टेटमधलं युनिट बंद पडलं
तेव्हा हरेश्वरमामांनी घरी आणलं
पितळी पाट्या कोरायचं काम
आणि जाड काचेची बाटली.

आधी ती खिळ्यांशेजारी होती.
महिन्यात खिळे तांबूस, मग पान्हे,
मग आतल्या खोलीतली मामीची कात्री.
झाकण तर घट्टच होतं.

आता गॅलरीत, प्लास्टिकच्या टबात, कुलपात.
शेजारी खायच्या सोड्याचा डबा.
"देव डोळ्यांसमोर, ही गुडघ्याखाली,"
म्हणतात.

पाण्यात ॲसिड. बारीक धारेनं.
उलटं एकदाच केलं त्यांनी;
ठाण्याच्या उन्हातही
पूर्ण बाह्यांचा शर्ट घालतात.

आणि पाण्याच्या बाटलीत ओतायचं नाही,
चिठ्ठी लावूनसुद्धा नाही.
हे सांगताना मामा
माझ्याकडे बघत नाहीत.

रात्रपाळीतला दामू.
दिवे गेले होते.
तहानलेला होता,
इतकंच.