हरकती व सूचना

नकाशात आमची गल्ली पिवळी होती.
नव्या आराखड्यात तिची डावी बाजू निळी झालीय.
निळा सुरू होतो वीरचंद गालांच्या गाळ्यापाशी
आणि संपतो आमच्या जिन्याखाली.

टी वॉर्डात सुनावणी. टोकन एकोणतीस.
गाला म्हणाले, पंचवीस वर्षं
कमर्शियल दरानं वीजबिल भरतोय,
तेव्हा कुठल्या रंगाचा होतो मी?

नेरूरकर वहिनींनी एक्झॉस्टचा फोटो सरकवला.
मिस्टरांच्या सदऱ्यांना शेजवानचा वास येतो साहेब,
आणि आमच्याकडे अंडंसुद्धा शिजत नाही.
साहेब हसले नाहीत. लिहून घेतलं.

मग मी. टाइप करून आणलेलं वाचलं :
पार्किंग, गोंगाट, मुलांच्या परीक्षा,
निवासी इमारतीचा निवासी वापर...

तुमच्या घरातून काही धंदा?
मान वर न करता, सगळ्यांना विचारतात तसं.

आणि मला आईचं पिको-फॉलचं मशीन ऐकू आलं,
रात्री दीडला,
पायांखाली गोधडीची घडी,
खाली आवाज जाऊ नये म्हणून.
खाली तेव्हा गालांचं अख्खं बिऱ्हाड,
दुकानामागच्या एका खोलीत.
कुणी कधी वर आलं नाही भांडायला.
आलं ते साड्या घेऊन.
माझी दहावीची फी त्यातलीच.

आता नाही, म्हणाले मी.
त्यांनी 'आता' लिहिलं नाही.

पोच घेऊन बाहेर आले
तर गाला रिक्षा थांबवून उभे.
बसा, म्हणाले,
मीटर काय दोनदा टाकायचं?