ठरलेली किंमत

आमच्या गोठ्यात आता गायी नाहीत.
कुह्मोच्या जंगलाकडे तोंड करून
तिथे एक डॅटसन उभी आहे, सत्त्याहत्तर सालची,
चार ओंडक्यांवर, चाकांशिवाय.
वेइक्को तिच्या पोटाखाली उताणा पडून
स्क्रूड्रायव्हर टोचत जातो आणि विचारतो,
"हा पत्रा आहे, की नुसती पत्र्याची आठवण?"

गंजाचा भुगा पडतो
त्याच्या मिशीत, त्याच्या बहिऱ्या डाव्या कानात.
रस्त्यावरचं मीठ हिला कित्येक हिवाळे खात होतं
आणि आधीचे मालक भोकांवर डांबर फासून
वरून निळा रंग देत होते.

आधी सगळं उचकटायचं.
मागची सीट, गालिचा, छताचं कापड.
हीटर मी तीनदा काढला, तीनदा लावला:
उणे सव्वीसला बोटं पान्ह्याला चिकटतात,
पण वजन ते वजन.
सीटखाली निघालं एक जुनं नाणं, मासे धरायचा गळ,
आणि एका पायाचा लोकरी मोजा, तान्ह्या बाळाचा.
मोजा मी खिळ्याला टांगला.
का, ते विचारू नका.

मार्चमध्ये वेइक्कोने नळ्या वाकवून पिंजरा जोडला.
"उलटलीस," म्हणाला, "तर छताने तुझ्याकडे यायचं नाही.
बाकी याला काही काम नाही."
कार्बोरेटर मी स्वयंपाकघरात सोलला.
यार्मो कॉफी ओतता ओतता म्हणाला,
टेबलाला पेट्रोलचा वास येतोय.
म्हटलं, येतोय.

दुसरा गिअर मात्र शेवटपर्यंत हट्टी राहिला.
टाकताना मध्ये जरा थांबावं लागतं,
वेइक्कोशी बोलण्याआधी
त्याच्या चांगल्या कानाच्या बाजूला जावं लागतं तसं.

नियम इथे पोराटोरांनाही पाठ आहे:
शर्यत संपली की ठरलेल्या किमतीला
कुणीही तुमची गाडी मागू शकतं,
आणि नाही म्हणायची सोय नाही.
म्हणून कुणी सोन्याचं इंजिन बसवत नाही.
"मग तू हे घासतेस कशाला?" ओत्सोने विचारलं.
मी दाराच्या आतला सांधा कानशीने घासत होते,
जो कधी कुणाला दिसणार नव्हता.
मला उत्तर सुचलं नाही.
कानस चालूच होती.

जूनमध्ये, खडीच्या जुन्या खाणीत,
रात्री नऊच्या लख्ख उजेडात
मी एका साबच्या मागे धूळ खात धावले,
शेवटून दुसऱ्या वळणावर आत शिरले,
थांबले, जरा,
आणि दुसरा गिअर पडला.
तिसरी आले.
तेवढंच.

नऊ चिठ्ठ्या आल्या. बिस्किटाच्या डब्यात हलवून
एक काढली. सोत्कामोची मुलगी, वय सोळा,
कोपरावर खपली,
लिफाफ्यात पैसे, त्यात पाच-पाच युरोच्याही नोटा.
मी सवयीने किल्ली द्यायला खिशात हात घातला.
किल्ली कुठली? जानेवारीतच काढून बटण लावलेलं.
रिकामाच हात पुढे केला, तो तिने हातात घेतला.
"दुसऱ्या गिअरला," मी म्हटलं, "घाई करू नकोस."
तिने मान हलवली.
घाई करणार, हे दोघींनाही कळत होतं.

परतताना मोकळा ट्रेलर खडखडत होता.
वेइक्को चाळीस किलोमीटर गप्प.
मग म्हणाला, "सुओमुस्साल्मीला एक स्टारलेट आहे,
शेताच्या कडेला. आत कोंबड्या राहतात."
"कितपत?" मी विचारलं. गंजाबद्दल.
त्याचा बहिरा कान माझ्या बाजूला होता.
"सात," तो म्हणाला,
"पण अंडी सगळ्या देतात."